ताईला सांगितलेले सिनेमे

शनिवार, ११ जानेवारी

ही सातवी वही. आधीच्या सहा कपाटात आहेत आणि त्यांत तीस वर्षांत पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाला मी दहापैकी गुण दिलेले आहेत. बायको म्हणते, "तुम्ही आपल्या लग्नालाही गुण दिले असतील." दिले होते. साडेसात. फोटो काढण्यात दीड तास गेला म्हणून अडीच कापले. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

आज फिल्म क्लबात भुताचा सिनेमा होता. भुताच्या सिनेमाबद्दल माझं मत पक्कं आहे : भूत दिसलं की सिनेमा संपला. दार करकरतं, दिवा लुकलुकतो, तोवर ठीक. मग ते पांढरं फासलेलं तोंड समोर येतं आणि मला मेकअप करणाऱ्याची कीव येते.

ताई मात्र खूश होती. आम्ही दोघं नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसलो, म्हणजे माझ्या कुजबुजीचा कुणाला त्रास नको. पडद्यावर जे दिसतं ते मी तिच्या कानात सांगतो. ताईनं तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली. तिचे कान असे की जिन्यावरच्या पावलांवरून ती माणसाचा मूड सांगते. आज मधेच माझा हात दाबून म्हणाली, "धाकट्या, आता मागून येईल बघ." खरंच मागून आलं आणि किंचाळलो मी. पुढच्या तीन रांगा वळून बघायला लागल्या. ताई पदरात तोंड लपवून हसत होती.

तिची नजर गेल्याला दोन वर्षं झाली. काचबिंदू. उजव्या डोळ्याला काहीच नाही, डाव्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. वयानं होतं असं. मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं काम करतो, दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम ठेवून "पहिली काच बरी की दुसरी?" विचारतो, आणि शनिवारी दुपारी ताईला सिनेमा सांगतो. क्लबातले लोक माझं कौतुक करतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

सिनेमाला पाच. माझ्या किंचाळण्याला शून्य.

शनिवार, १८ जानेवारी

आज मारामारी. मारामारी सांगणं महाकठीण. "मारलं, पडला, उठला, ह्यानं खुर्ची घातली, तो काचेतून बाहेर," असं मी चालवलं होतं. ताई म्हणाली, "मॅचची कॉमेंटरी करतोयस का? त्याला लागलंय का ते सांग." मी नीट बघितलं. तर तेवढं कुणालाच लागत नव्हतं. सातव्या मजल्यावरून पडलेला माणूस शर्ट झटकून चालायला लागला. मी ताईला सांगितलं की त्याच्या ओठातून रक्त येतंय आणि तो लंगडतोय. सिनेमानंतर क्लबात चर्चा होते, तिथे ती म्हणाली, "हीरोला दुखतं हे दाखवलं ते बरं केलं." क्लबाच्या सेक्रेटरींनी भुवया वर केल्या.

हे मी कबूल केलं पाहिजे. मी सिनेमे थोडे सुधारून सांगतो. प्रेमाच्या सिनेमात नायिका ढसाढसा रडायला लागली की मी सांगतो, "नुसती खिडकीतून बघतेय." मला कमी रडणारी माणसं आवडतात. (स्वतः मी प्रेमाच्या सिनेमात रडतो. चष्मा पुसायच्या निमित्तानं रुमाल काढतो. त्या सगळ्यांना वहीत चारच्या वर गुण नाहीत.) दिग्दर्शकाला जे जमत नाही ते मी दुरुस्त करतो, एवढंच. त्यात ताईचं काय नुकसान?

शनिवार, २५ जानेवारी

विनोदी सिनेमा. चांगला होता, आठ गुणांचा. पण आज मला घाम फुटला.

विनोदी सिनेमात बोलणं कमी आणि धडपडणं जास्त. माणूस केळीच्या सालीवरून घसरतो, हॉल हसतो, मग मी सांगतो, "घसरला," मग ताई हसते. म्हणजे सगळे हसून गप्प झाले की चार सेकंदांनी मागच्या कोपऱ्यातून एकटीचं हसू. दर वेळी. तिसऱ्यांदा झालं तेव्हा पुढची एक बाई वळली आणि तिनं शेजारणीला कोपर मारलं. ताईला ते दिसलं नाही, पण कळलं असावं, कारण त्यानंतर ती हसली नाही. मी सांगत राहिलो आणि ती नुसती "हं, हं" करत राहिली.

घरी सोडताना म्हणाली, "छान होता." तिच्या घरी चहा झाला. चहाच्या डब्याला एक रबर बँड आणि साखरेच्या डब्याला दोन, अशी तिची खूण आहे. तिनं स्वतः केला, एक थेंब सांडला नाही. मी नुसता बसून होतो.

शनिवार, १ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतंय. पण वहीत नाही लिहायचं तर कुठे लिहायचं?

आज परदेशी सिनेमा होता. भाषा कुणालाच कळत नाही, खाली ओळी येतात. म्हणजे ताईला मीच सगळं वाचून दाखवायचं. घरगुती गोष्ट होती, माझ्या आवडीच्या जातीची, सावकाश चालणारी. एक म्हातारा व्हायोलिन दुरुस्त करतो. त्याची मुलगी दुकान सांभाळते. म्हाताऱ्याला ऐकू कमी यायला लागतं. मुलीला कळतं, पण ती म्हणते, कानात मळ झाला असेल, बघू नंतर. अर्ध्या तासापर्यंत मी व्यवस्थित वाचत होतो.

मग ते दवाखान्यात जातात. डॉक्टर मुलीकडे बघून बोलतो आणि खाली ओळ येते : "सहा महिने आधी आणलं असतं तर कान वाचवता आले असते."

ती ओळ मी वाचून दाखवली नाही. ताईनं विचारलं, "काय म्हणाला?"

मी म्हटलं, "म्हणाला, वय झालं. ह्यात कुणाचा दोष नाही."

एकदा ते बोलून बसलो आणि मग पुढचा सगळा सिनेमाच वाकवावा लागला. पुढचा सगळा तास त्या मुलीच्या अपराधीपणाचाच होता. ती रात्रंदिवस रडते, बापाला तोंड दाखवत नाही. हे सगळं कशासाठी ते सांगायला मला काहीतरी हवं होतं, म्हणून मी तिला एक प्रियकर दिला. परगावी राहतो, पत्र पाठवत नाही. शेवटी ती बापासमोर बसते आणि कागदावर लिहून देते : "माझ्यामुळे झालं." बाप वाचतो आणि रडतो. मी ताईला सांगितलं की लग्नाची तारीख लिहिलीय.

"मग तो रडतोय कशाला?"

"आनंदानं."

नंतर चहा आणि चर्चा. ताई सहसा दोन वाक्यं बोलते. आज ती उभी राहिली. खुर्चीच्या पाठीला धरून, खणखणीत आवाजात म्हणाली, "डॉक्टरनं कुणाचा दोष नाही म्हटलं ते मला आवडलं. आणि मुलीचं लग्न ठरलं ते बरं झालं, त्या माणसाच्या पत्राची वाट बघून बघून तिनं फार सोसलं होतं."

 मग कुणीतरी फिसकन हसलं आणि हॉलभर हसू पसरलं. सेक्रेटरी निवृत्त गणिताचे मास्तर आहेत, मनानं वाईट नाहीत, पण चुकीचं उत्तर त्यांना सहन होत नाही. ते म्हणाले, "बाई, तुम्ही कोणता सिनेमा पाहिलात?" आणि म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं की आपण कुणाला काय विचारलं. हसू थांबलं. ते थांबणं जास्त वाईट होतं.

ताईनं मान माझ्या दिशेला वळवली. थांबली. किती वेळ ते मला माहीत नाही. माझ्या हातात कप होता आणि मी त्या कपाच्या तळाशी बघत होतो. मूग गिळून बसलो होतो मी. पन्नाशी उलटलेला, प्रत्येक सिनेमावर तोंड उघडणारा माणूस.

मग तीच म्हणाली, "माझंच चुकलं असेल. मधे डुलकी लागली होती." आणि बसली.

 सिनेमाला गुण देत नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा तिला कमी धक्का बसला. भाजी चिरता चिरता म्हणाली, "तुम्ही नेमकं डॉक्टरचंच वाक्य का बदललंत?"

मी म्हटलं, ताईला वाईट वाटू नये म्हणून.

"ताईंना?" एवढंच म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. मला तिचा रागच आला. दोन दिवस झाले, ताईला फोन करायचा म्हणतोय. उद्या करीन.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दुकानात एक बाई आल्या. शाळेत क्लार्क आहेत. म्हणाल्या, "सहा महिन्यांपूर्वीच नंबर काढला होता, पण परत धूसर दिसतंय. आणि दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं."

माझ्या हातात काच होती, ती मी पेटीत परत ठेवली. म्हटलं, "मी तुमचा नंबर काढणार नाही. आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. डोळ्यांतला दाब तपासायला सांगा." बाई घाबरल्या. मालक काउंटरवरून बघत होते. बाई गेल्यावर म्हणाले, "काय हो, गिऱ्हाईक घालवलंत?" मी म्हटलं, हो.

नंतर मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. अक्षरांच्या तक्त्याचा दिवा चालूच होता.  ताईला अजून फोन केलेला नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

ताईचाच निरोप आला, बायकोच्या फोनवर. "आज येत नाही, कंटाळा आलाय." मला नाही, बायकोला.

मी एकटा गेलो. कोर्टाचा सिनेमा होता. कोर्टाचे सिनेमे मला फार आवडतात, कारण त्यांत शेवटी कुणीतरी उभं राहून खरं बोलतं. आज तो साक्षीदार उभा राहिला आणि मला बघवेना. शेजारची खुर्ची रिकामी होती. काही झालं की सवयीनं माझं तोंड त्या बाजूला वळत होतं. एकदा तर मी "वकिलानं चष्मा काढला" असं रिकाम्या खुर्चीला सांगितलंसुद्धा. मध्यंतरातच उठून आलो. तीस वर्षांत सिनेमा अर्धा टाकून मी कधी आलो नव्हतो.

रविवार, ९ फेब्रुवारी

लिहितो. एकदाच लिहितो.

वर, पहिल्या पानावर मी "वयानं होतं असं" लिहिलंय. ते खोटं आहे. स्वतःच्या वहीत, जिथे वाचणारं दुसरं कुणी नाही, तिथेसुद्धा मी खोटं लिहिलं.

ताईचा नंबर मी काढत होतो. अकरा महिन्यांत तीन वेळा बदलला. पहिल्यांदा ती म्हणाली, धूसर दिसतं, मी काच बदलली. दुसऱ्यांदा म्हणाली, बाजूचं दिसत नाही, दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. मी म्हटलं, तू धांदरट आहेस. तिसऱ्यांदा म्हणाली, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "काच पुसत जा की जरा."

बावीस वर्षं मी हे काम करतोय. रंगीत कडं म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. प्रशिक्षणात शिकवलं होतं. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर त्याच मिनिटाला पाठवलं असतं. पण ती ताई होती, आणि ताईचा चष्मा मी करतो ह्याचा मला माज होता. घरातल्या माणसाला डॉक्टरकडे पाठवायचं म्हणजे आपल्याला जमलं नाही असं कबूल करायचं. शेवटी तिच्या शेजारणीनं नेलं तिला, मी नाही. मी मागाहून स्कूटरवरून पोचलो.

हे कुणालाही माहीत नाही. मी तिला सिनेमे सांगतो आणि लोक म्हणतात, भाऊ असावा तर असा.

बुधवार, १२ फेब्रुवारी

संध्याकाळी ताईकडे गेलो. तिनं दार उघडायच्या आधीच आतून विचारलं, "एवढा हळू का चढतोयस?"

बसलो. मी म्हटलं, "ताई, तो व्हायोलिनवाला सिनेमा मी तुला चुकीचा सांगितला."

"माहितीये. खरा सांग."

मी पहिल्यापासून सांगितला. दुकान, भिंतीवर टांगलेली वाद्यं, म्हाताऱ्याचे लाकूड चिकटवायच्या सरसानं माखलेले हात, मळ झाला असेल म्हणणारी मुलगी. मग दवाखाना. तिथे मी अडलो. ताई मांडीवर हात ठेवून बसली होती, अगदी शांत, एक्स्चेंजात दोन्ही टोकांची माणसं लाइनवर यायची वाट बघत बसत असेल तशी.

"काय म्हणाला डॉक्टर?"

मी सांगितलं.

"आता बरोबर बसलं," ती म्हणाली. "तीस वर्षं लोकांचे आवाज ऐकलेत रे मी. भाषा कळली नाही म्हणून काय झालं? तू वय झालं म्हणालास, तो वय झालंचा आवाज नव्हता. आणि तुझाही आवाज नव्हता तो."

"म्हणजे तुला हॉलमध्येच कळलं होतं? मग उभी कशाला राहिलीस?"

"मुद्दाम राहिले. तू उठतोस का ते बघायचं होतं."

मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं.  ती वाट बघत होती, अजून काहीतरी यायचं आहे हे तिला माहीत होतं. मग मी बोललो. तीन नंबर. दाराची चौकट. रंगीत कडं. काच पुसत जा. बोलताना रडलो, आणि कमी रडणारी माणसं आवडतात म्हणणारा मी, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत बसलो होतो.

ती म्हणाली, "डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. वर्षभर आधी आला असतात तर एक डोळा तरी वाचला असता. तू खाली स्कूटर लावत होतास. त्यांनी विचारलं, नंबर कोण काढत होतं? मी म्हटलं, दुकानातलं कुणीतरी."

"दुकानातलं कुणीतरी," मी म्हटलं.

"मग काय सांगू? माझा धाकटा भाऊ म्हणून सांगू?"

 शेजारी कुणीतरी नळ सोडला, बंद केला.

"दोन वर्षं का नाही बोललीस?"

"मी का बोलू? बोलायचं तुझ्याकडे होतं."

मी विचारलं, राग आहे का? मला वाटतं, नाही म्हणेल अशी माझी आशा होती. इतक्या सिनेमांत बघितलंय ते, डोक्यावरून हात फिरवतात आणि संगीत सुरू होतं.

"आहे," ताई म्हणाली. "सकाळी उठल्यावर असतो. दुपारी कमी होतो. तुला काय करायचंय त्याचं? तो माझ्याकडे राहू दे."

मग उठून चहा करायला गेली. जाताना दारातून म्हणाली, "बरं, तूच सांग आता. पहिली गोष्ट बरी की दुसरी?"

मी म्हटलं, दुसरी.

"मग हॉलमध्येही तीच सांग."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

उद्या परत विनोदी सिनेमा आहे. सेक्रेटरींकडे जाऊन दोन दिवस आधी सीडी मागून आणली. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांनी आपला जुना प्लेयरही दिला, वायर गुंडाळून.

काल आणि आज मिळून पाच वेळा पाहिला. बायको म्हणते, परीक्षा आहे का? कोण कुठे पडतं, कोणता दरवाजा कुणाच्या नाकावर बसतो, सगळं मागच्या पानावर मिनिटांसकट लिहून ठेवलंय.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सिनेमा सुरू व्हायच्या आधी मी उठलो.  साठ खुर्च्या, चाळीसएक माणसं. म्हटलं, "त्या व्हायोलिनवाल्या सिनेमाबद्दल माझी ताई जे बोलली, ते मी तिला सांगितलं तसंच बोलली. खालच्या ओळी मी मुद्दाम खोट्या वाचल्या. तुम्ही तिला हसलात तेव्हा मी गप्प बसलो. तिला डुलकी लागली नव्हती."

मागच्या विनोदी सिनेमाच्या वेळी कोपर मारणारी बाई म्हणाली, "पण मुद्दाम कशाला?"

"त्यात डॉक्टरचं एक वाक्य होतं," मी म्हटलं. "ते मला लागू होतं."

पुढचं मी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.  वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल, तसं काही झालं नाही. सगळ्यांसमोर तोंडघशी पडलेला माणूस जसा उठतो तसा मी मागच्या रांगेकडे गेलो. सेक्रेटरींनी दिवे घालवले.

ताई जरा सरकून बसली, माझं तोंड तिच्या कानापाशी यावं इतकी.

अकराव्या मिनिटाला रंगारी शिडीवर चढतो. मी घड्याळाकडे बघत होतो. त्याचा पाय रंगाच्या बादलीत जायच्या अंमळ आधी मी कुजबुजलो, "बादलीत पाय घालतोय. घातला. शिडीसकट खाली."

ताई हसली. मोठ्यानं, मागच्या कोपऱ्यातून. हॉल तिच्या मागून हसला.

असं चौदा वेळा झालं. दोनदा माझा अंदाज चुकला आणि ती फार आधी हसली, तेव्हा पुढची माणसं वळून बघायला लागली, की आता काय होणार आहे. सेक्रेटरीसुद्धा वळले.

घरी सोडताना जिन्यावर तिनं माझा हात धरला नाही. कठड्याला धरून स्वतः चढली. वर पोचल्यावर म्हणाली, "पुढच्या शनिवारी काय आहे?"

मी म्हटलं, प्रेमाचा आहे.

"ती रडली तर रडली म्हणून सांगायचं," ताई म्हणाली आणि दार लावून घेतलं.